आज संदेश कोणाचा?

‘मंडळी’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो याचा हिशेब नाही. कीर्तनकार बुवा ‘मंडळी’ म्हणून हाक देतात, तमाशातला सोंगाड्या देतो, लग्नघरात ‘मंडळी जेवायला बसली’ असं म्हणतात, आणि जुन्या वळणाचा माणूस बायकोचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असा करतो. बायबलचं मराठी भाषांतर करणाऱ्यांनी हाच शब्द ‘चर्च’साठी उचलला. दगड-विटांच्या चर्चसाठी नव्हे, तर त्यात जमणाऱ्या माणसांसाठी. मराठी बायबलात ‘मंडळी’ आहे, तिचा ‘पाळक’ आहे, तिचे ‘वडील’ आहेत. हे वडील म्हणजे घरातले नव्हेत. मंडळीनं कारभारासाठी निवडलेली जाणती माणसं.

मी कोकणी मुसलमान घरातला. आमच्याकडे मशिदीभोवतीच्या समाजाला ‘जमात’ म्हणतात. गावचा इमाम ठेवायचा की बदलायचा, त्याला किती द्यायचं, हे जमातीच्या बैठकीत ठरतं, आणि त्या बैठका किती रंगतात हे कोकणातल्या कुणालाही विचारा. जमात काय आणि मंडळी काय, दोन्ही शब्दांत माणसं आधी येतात, गुरू नंतर. पण प्रत्यक्षात असं घडतं का? मंडळी ऐकायला बसली, तर समोर उभं राहून बोलायचं कोणी? त्याला नेमायचं कोणी? आणि एकानंच बोलायचं की पाळीपाळीनं? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजानं या प्रश्नांशी दोन-अडीचशे वर्षं झटापट केली आहे. मराठीत कविता लिहिणारा माणूस म्हणून मला त्या झटापटीचं कुतूहल आहे. आठवड्यामागून आठवडा समोरच्या माणसांना काही पटवून द्यावं लागतं, तिथे भाषेला धार येते किंवा ती बोथट तरी होते.

सुरुवात आपल्या उपनगरांपासूनच करू. अंधेरी, मरोळ, बोरिवली हा सारा जुन्या साष्टी बेटाचा मुलूख. पोर्तुगीज अमलात इथे जागोजागी चर्च उभी राहिली. बोरिवलीच्या मंडपेश्वरात तर शैव लेण्यालाच चर्च करण्यात आलं. अंधेरीत १५७९ मध्ये जेझुइटांनी बांधलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च आजही भग्नावस्थेत उभं आहे. १८४० च्या सुमारास साथ आली, वस्ती मरोळला हलली आणि चर्च ओस पडलं. पुढे त्याच्या भोवतीची जमीन ‘सीप्झ’च्या कुंपणात गेली. वर्षातून एकदा तिथे मिस्सा होतो; एरवी आजूबाजूला संगणकांचे आणि दागिन्यांचे कारखाने.

पण इमारतीपेक्षा महत्त्वाची गोष्ट घडली ती १७३७ ते १७३९ या काळात. मराठ्यांनी साष्टी घेतली, मग चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना त्यांचा धर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली. परंतु पोर्तुगीज पाद्री निघून गेले. दोनशे वर्षं ज्यांच्या तोंडून धर्म ऐकला, ती तोंडंच नाहीशी झाली. उरले ते थोडे देशी धर्मगुरू आणि गावोगावचे शेतकरी, कोळी, भंडारी, सुतार. आंकेतिल द्यू पेरों हा फ्रेंच प्रवासी १७६० च्या सुमारास साष्टीतून गेला, तेव्हा हेच देशी धर्मगुरू इथली उपासना चालवताना त्याला दिसले. म्हणजे मुंबई परिसरात चर्चची सूत्रं गोऱ्या हातांतून काळ्या हातांत आली ती कुणाच्या उदारपणानं नव्हे. राज्य बुडालं म्हणून आली!

शिवाय या लोकांजवळ पुराणं होती. फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, ते आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्याच धर्तीवर फ्रान्सिस्को वाझ द गिमाराँइश यानं १६५९ मध्ये येशूच्या दुःखभोगावर रचलेलं पुराण आपल्या उत्तर कोकणच्या बोलीत होतं, आणि ते एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापलं गेलं. म्हणजे त्याला वाचणारे होते. मिस्साचा विधी लॅटिनमध्ये, तो कळो न कळो. ओव्यांचं पुराण मात्र घरच्या भाषेत आणि गळ्यात बसणाऱ्या चालीचं. पुराण वाचायला धर्मगुरू लागत नाही, अक्षर आणि आवाज असला की पुरे. उपदेशाची वाटणी अशी कोणी न ठरवताच सुरू झालेली होती.

प्रोटेस्टंट मिशनरी आले ते १८१३ मध्ये. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, मराठी शिकले आणि रस्त्यात उभे राहून बोलू लागले. हॉल १८२६ मध्ये पटकीनं गेले. त्याच वर्षी मराठी ‘नवा करार’ पूर्ण छापून झाला. या मंडळींची जिद्द मोठी होती यात वाद नाही. पण साहेबाच्या मराठीत साहेबच बोलणार, आणि शास्त्रीबुवांकडून दुरुस्त करून घेतलेली ती भाषा ऐकायला लोक बरेचदा गंमत म्हणूनच थांबणार. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणं केलं आणि दोन वर्षांनी तिथे मंडळी स्थापन झाली. मराठी ख्रिस्ती समाजाचं माहेर म्हणायचं तर ते नगरच. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये तिथूनच निघालं.

या मिशनमागची अमेरिकेतली मंडळं ज्या पंथाची होती, त्या पंथात प्रत्येक मंडळी स्वतंत्र. वर बिशप नाही. सभासद मतदान करून आपला पाळक निवडतात. अमेरिकेतल्या खेड्यांत हे सहज चालायचं. नगरात मात्र पहिली वीस वर्षं पाळक म्हणजे मिशनरी साहेबच. मंडळी लोकशाहीची आणि व्यासपीठ साहेबाचं, असा विचित्र संसार. तो मोडला १८५४ मध्ये. हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. लोक त्यांना हरिपंत आणि रामकृष्णपंत म्हणत. ‘पंत’ हा शब्दच सांगतो की दोघेही ब्राह्मण घरांतले.

त्याच सुमारास, १८५४-५५ मध्ये, अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. त्यांचं सूत्र असं की देशी मंडळीनं स्वतःचा कारभार स्वतः करावा, खर्च स्वतः भागवावा आणि प्रसारही स्वतःच करावा. मिशनऱ्यानं तिथून निघून जाण्याच्या तयारीनं राहावं. ऐकायला हे फार पुरोगामी वाटतं, आणि काही अंशी होतंही. पण याच अँडरसनसाहेबांच्या धोरणामुळे मिशनच्या इंग्रजी शाळा बंद पडल्या. खेड्यातल्या उपदेशकाला खेड्याचीच भाषा पुरे, इंग्रजी शिकला की तो नोकरीसाठी शहरात पळतो, असा हिशेब होता. म्हणजे व्यासपीठ देऊ, पण त्या व्यासपीठापलीकडचं जग देणार नाही. मराठीचा अभिमान बाळगूनही मला हा हिशेब खटकतो. ज्याला दुसरी भाषा शिकूच दिली नाही, त्याचं मातृभाषेवरचं प्रेम मोजायचं कसं?

आणि पगाराचं काय? मंडळी गरीब. बहुतेक सभासद महार आणि मांग समाजातून आलेले, बलुत्यावर जगणारे. बाप्तिस्मा घेतला की बलुतं तोडण्याची धमकी. अशा माणसांनी पाळकाचा पगार भागवायचा! वर्गणी म्हणून दाणे यायचे. उरलेलं मिशन घालायचं, आणि जो उरलेलं घालतो त्याचा शब्द चालतो, हे सांगायला इतिहासकार नको. १८७६-७७ चा दुष्काळ, मग शतकाच्या शेवटचे दुष्काळ. त्यांत स्वावलंबनाचं गणित पुनःपुन्हा कोलमडलं. मंडळ्यांची संख्या मात्र वाढत गेली आणि साहेब होते तेवढेच. मग शेकडो गावांतून दर रविवारी बोलायचं कोणी?

उत्तर होतं मास्तर. मिशनच्या खेड्यातल्या शाळेचा मास्तर आठवडाभर पाढे शिकवी आणि रविवारी उपासना चालवी. त्याची बायको बायकांना गोळा करून वाचायला शिकवी. ‘बायबल वुमन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाया घरोघर जाऊन ओसरीवर, विहिरीवर गोष्टी सांगत. यांतल्या बहुतेकांना दीक्षा नव्हती. नियमानं बाप्तिस्मा पाळकानंच द्यायचा, प्रभुभोजनाचा विधी त्यानंच करायचा. पण बोलायचं काम मास्तरचं. महारवाड्यात जन्मलेला माणूस हातात पुस्तक घेऊन उभा आहे आणि माणसं खाली बसून त्याचं ऐकताहेत, हे दृश्य त्या काळच्या महाराष्ट्रात किती गावांनी पाहिलं असेल? हरिपंतांच्या दीक्षेची नोंद इतिहासात झाली. या मास्तरांची नावं मिशनच्या अहवालांत कुठेतरी ओळीत बसलेली आहेत. मला विचाराल तर मराठी ख्रिस्ती उपदेशाची खरी भाषा त्यांनी घडवली. पंतांची मराठी शास्त्रशुद्ध होती. मास्तरांची समोरच्याला समजणारी होती.

याच नगरात १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. वीणा, टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं नारदीय वळणाचं. आख्यान मात्र येशूचं. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारखे पदकर्ते-गायक त्यात होते. काही मिशनऱ्यांना शंका वाटली की हा देवळातला थाट चर्चमध्ये कशाला. पण लोकांनी दाद दिली. कीर्तनानं एक मोठा फरक केला. व्यासपीठावरून उपदेश चालतो तेव्हा ऐकणारा गप्प असतो. कीर्तनात त्याला पालुपद म्हणावं लागतं. बुवा मधेच थांबतात, मंडळी ओळ उचलते. बोलणाऱ्याचा हक्क तेवढ्यापुरता सर्वांचा होतो. नगरच्या मंडळ्यांचं वार्षिक संमेलन भरायचं, त्याचं नावच ‘ऐक्य’. गावोगावचे प्रतिनिधी बैलगाड्यांनी, पायी यायचे; पैशाचे, शिस्तीचे, पाळकांच्या नेमणुकीचे प्रश्न चर्चेला घ्यायचे आणि रात्री कीर्तन ऐकायचे. याच नगरच्या ख्रिस्ती समाजातून पुढे शाहू मोडक आले आणि पडद्यावर कृष्ण आणि ज्ञानेश्वर झाले. त्याचं आश्चर्य नगरबाहेरच्यांनाच वाटलं असेल!

आता एका बाईंविषयी सांगायला हवं, कारण उपदेशाची वाटणी पुरुषांपुरती होती तोवर ती अर्धीच होती. पंडिता रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून भाऊबंदांचा रोष घेतला, आणि पुढे सारं कुटुंब तीर्थाटन करत देवळांच्या आवारात पुराणं सांगून जगलं. रमाबाई आईकडून शिकल्या. म्हणजे लोकांसमोर बसून पवित्र ग्रंथ सांगणं हा त्यांच्या घरचा व्यवसायच. दुष्काळात आईवडील गेले, भावाबरोबर पायपीट करत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या, आणि तिथल्या शास्त्र्यांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. त्या व्याख्यानं देत, आणि समोर पुरुष बसलेले असत.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. तिथे प्रश्न निघाला की रमाबाईंनी मुलग्यांना, तरुणांना शिकवावं का? हिंदुस्थानातल्या अँग्लिकन बिशपांचा सल्ला घेण्यात आला आणि सल्ला आला, नको. हिंदुस्थानात परतल्यावर त्यांच्या कामाला त्यामुळे बाध येईल, तिथल्या लोकांना ते रुचणार नाही, असं कारण देण्यात आलं. रमाबाईंनी यावर लिहिलेली पत्रं आज छापील उपलब्ध आहेत. आपल्या आईनं आणि आपण पुरुषांना शिकवलं त्याला वडिलांनी किंवा पतीनं कधी हरकत घेतली नाही, आणि इथले लोक मात्र घेतात, याचं नवल वाटतं, असा त्यांचा सूर आहे. ज्या देशातल्या बायकांची दैना सांगून मिशनरी वर्गण्या गोळा करत, त्या देशातल्या देवळांत जे चाललं ते इंग्लंडातल्या वर्गात चालेना. ही गोष्ट मी कितीदा वाचली तरी मला हसूही येतं आणि संतापही येतो.

रमाबाईंनी भांडण वाढवलं नाही, वाट बदलली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, मग ते पुण्याला गेलं, आणि शतक सरता सरता केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. कुठल्याही एका पंथाच्या बिशपाच्या हाताखाली त्या राहिल्या नाहीत. १९०५ मध्ये मुक्तीत धार्मिक जागृतीची जी लाट आली, तिच्यानंतर मुलींचे गट आसपासच्या गावांत प्रार्थना करायला, सुवार्ता सांगायला जाऊ लागले. दुष्काळातून उचलून आणलेल्या विधवा आणि अनाथ मुली. त्यांना दीक्षा देण्याचा प्रश्नच कोणी काढला नाही, म्हणून नाकारण्याचाही निघाला नाही. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल सोप्या मराठीत उतरवलं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीच्याच बाया. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. पुरतं बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. ज्यांना व्यासपीठ दिलं नाही, त्यांनी व्यासपीठावर ठेवायचं पुस्तकच तयार केलं.

दुसरं नाव नारायण वामन टिळकांचं. ते कवी, त्यामुळे माझा पक्षपात असणारच. १८९५ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तो तुकाराम नाथोजी या देशी पाळकाच्या हातून. टिळक नगरला आले, शिकवू लागले, पदं लिहू लागले, कीर्तनं करू लागले. आज मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत जी गीतं गातात त्यांत टिळकांचा वाटा फार मोठा आहे. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत आणि उघड बोलत. पण मिशनचा पगार घेऊन मिशनच्या चौकटीत बोलणं त्यांना टोचत राहिलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. पगारी उपदेशक नाही. सगळे बंधू. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले आणि दरबार फार काळ चालला नाही. कवीनं काढलेल्या संस्थेचा हिशेब कोण ठेवणार? पण प्रश्न त्यांनी बरोबर जागी ठेवला होता. उपदेशक हा मंडळीचा नोकर, मिशनचा नोकर, की कुणाचाच नाही? लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त या ओढाताणीची घरातली बाजू आहे, पगार सोडणाऱ्या नवऱ्याचं घर कसं चालतं, ती बाजू.

कॅथलिकांकडे परत येऊ, कारण उपनगरांतली मोठी ख्रिस्ती वस्ती त्यांची. तिथे उपदेश धर्मगुरूचा, हा नियम पक्का. पण धर्मगुरू कुणाचा, हा वाद मुंबईइतका क्वचितच कुठे विकोपाला गेला असेल. पोर्तुगालच्या राजाला चर्चवर मिळालेला जुना हक्क एकीकडे आणि रोमनं थेट नेमलेले धर्माधिकारी दुसरीकडे. दीडशे वर्षं एकाच शहरात दोन हुकमती. १९२८ मध्ये तोड निघाली ती अशी की मुंबईचा आर्चबिशप आलटून पालटून एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. हिंदुस्थानी माणसाचं नाव या पाळीत नव्हतंच!

या पाळीप्रमाणे १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट लिव्हरपूलहून आर्चबिशप म्हणून आले. त्यांना ही व्यवस्था लौकरच हास्यास्पद वाटू लागली. १९४६ मध्ये त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशस यांना साहाय्यक बिशप म्हणून नेमवून घेतलं आणि स्वतः मुंबईबाहेर निघून गेले. पद त्यांच्याकडे, कारभार ग्रेशस यांच्याकडे. स्वतः हजर असलो तर लोक माझ्याकडेच येणार, हे त्यांनी ओळखलं होतं. चार वर्षं त्यांनी अशी रिकामी खुर्ची सांभाळली. १९५० मध्ये पोर्तुगालनं आपला हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले; १९५३ मध्ये भारतातले पहिले कार्डिनल. मोठ्या पदावरच्या माणसानं दुसऱ्याला बोलता यावं म्हणून खोलीतून उठून जावं, असं उदाहरण माझ्या माहितीत फार नाही. कुठल्याच धर्मात नाही. व्हॅटिकनच्या १९६२ ते १९६५ च्या धर्मपरिषदेनंतर मिस्सा लोकभाषांत आला, वाचनं सामान्य माणसं करू लागली. मिस्सातलं प्रवचन अजूनही धर्मगुरूचं किंवा डीकनचं. पण गल्लीगल्लीतल्या छोट्या प्रार्थना-समूहांत शिक्षिका, रिक्षावाला, बँकेतला कारकून बायबलातल्या उताऱ्यावर बोलतात.

प्रोटेस्टंटांच्या बाजूला २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. त्यात बिशप मानणारे होते, वडिलांचा कारभार मानणारे होते आणि मंडळीचंच मत अखेरचं मानणारे नगरकरही होते. तीन तऱ्हांचं लोणचं एका बरणीत. बिशप राहिला, पण मंडळीची निवडलेली समितीही राहिली. दक्षिणेतल्या भगिनी चर्चमध्ये, म्हणजे ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’त, २०१३ मध्ये पहिल्या स्त्री बिशप झाल्या, चेल्टनहॅमच्या त्या सल्ल्यानंतर साधारण सव्वाशे वर्षांनी. सगळं गोडीगुलाबीत झालं असं मात्र नाही. मुंबईसारख्या शहरात चर्चच्या नावावर जमीन असते, आणि जमिनीचा भाव वाढला की वडीलमंडळींची निवडणूक नगरपालिकेच्या निवडणुकीसारखी होते. कोर्टकचेऱ्या झाल्या, होताहेत. आमच्या मशिदींच्या ट्रस्टींनी यावर हसू नये.

नगर, जालना, सोलापूर, साताऱ्याकडची ख्रिस्ती कुटुंबं मुंबईत आली ती गिरण्यांत, रेल्वेत, इस्पितळांत, शाळांत. आधी मध्य मुंबईतल्या चाळी, नंतर घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. उपनगरात मराठी मंडळीला स्वतःची इमारत असेलच असं नाही. कुठे शाळेचा हॉल, कुठे दुसऱ्या भाषेच्या मंडळीबरोबर एकच चर्च वाटून घेतलेलं. सकाळी एक भाषा, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी. एका पाळकाकडे कधी दोन-दोन मंडळ्या. त्यामुळे उपदेशाची पाळी लागते. एक रविवार पाळकाचा, एक वडिलांपैकी कुणाचा, एक महिला मंडळाचा, एक तरुणांचा. ‘उपदेश’ हा शब्दही मागे पडला; आता ‘संदेश’ म्हणतात. ‘आज संदेश कोणाचा?’ असं जिन्यावर विचारलेलं मी अनेकदा ऐकलं आहे.

आमच्या शेजारच्या मावशी मूळच्या नगरकडच्या, इस्पितळातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. महिला मंडळाच्या रविवारी वर्षातून एकदा-दोनदा त्यांची पाळी येते. महिनाभर आधी त्यांची वही निघते. एकदा दुपारी त्यांनी दार वाजवलं आणि विचारलं, “भाई, दया, कृपा आणि करुणा यांत फरक काय? मला तिन्ही एकाच वाक्यात नकोत.” मी म्हटलं, दया वरून खाली येते, कृपा न मागता येते आणि करुणा शेजारी येऊन बसते. हे माझं कवीचं उत्तर झालं, कोशातलं नव्हे. मावशींनी वहीत लिहून घेतलं, मग थोडा विचार करून म्हणाल्या, “वॉर्डात रात्रपाळीला तिसरंच लागायचं.” मग मी त्यांना श्रीगोंद्याच्या शेख महंमदांविषयी सांगितलं, की तुमच्याच जिल्ह्यातल्या एका मुसलमानानं चारशे वर्षांपूर्वी मराठी ओवीत परमार्थ सांगितला. “मग त्यांनाही पाळी मिळालेली होती म्हणा की,” असं म्हणून त्या चहा टाकायला निघून गेल्या.

यंदा मावशींचे डोळे अधू झालेत. आपली पाळी त्यांनी मंडळीतल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीला देऊ केली. मुलगी हुशार, बोलकी. पण इंग्रजी शाळेतली. मराठी कळतं, बोलता येतं, वाचताना अडखळते. तिनं संदेश रोमन अक्षरांत लिहून आणला आणि मधे निम्मी वाक्यं इंग्रजी. वडिलांपैकी काहींचं म्हणणं, मराठी उपासनेत हे चालणार नाही. हवं तर तिनं इंग्रजी मंडळीत बोलावं. काहींचं म्हणणं, तिला आज अडवलं तर दहा वर्षांनी मराठीत बोलायलाच नव्हे, ऐकायलाही कोणी उरणार नाही. मावशी दुसऱ्या बाजूच्या. त्यांनी त्या मुलीला रोज संध्याकाळी अर्धा तास देवनागरी वाचायला बसवलं आहे. भिंतीपलीकडून मला तिचे जोडाक्षरांवर अडलेले शब्द ऐकू येतात. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.